एक आवळणी, चार भागीदार आणि अठ्ठावीस सांधे

जे काम जाणकाराच्या हातून अर्ध्या दिवसात उरकते, त्यातून एकही किस्सा निघत नाही. तेच काम चार सुशिक्षित, अनुभवी आणि हट्टी माणसांनी मिळून करायचे ठरवले, की काम जागच्या जागी राहते आणि किस्से साठत जातात. आमच्या बाकावर असे बरेच साठले आहेत. त्यांतले एका आवळणीभोवतीचे तेवढे आज सांगतो.

बाक म्हणजे बारामतीत वसंतरावांच्या हार्डवेअरच्या दुकानाबाहेरचा लाकडी बाक. त्यावर रोज सकाळी तिघे बसतो आणि चौथे, म्हणजे खुद्द वसंतराव, गल्ल्यावरून बोलतात. मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक; घर कन्हेरीच्या रस्त्याला. तात्या सणसरचे ऊस बागायतदार, सहकाराच्या कायद्यात पारंगत. आजवर ज्या ज्या संस्थेची निवडणूक त्यांनी लढवली, त्या त्या संस्थेने त्यांना आदरपूर्वक पाडले. तिसरे पिंपळीचे आबा. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरे होती. लहानपणी त्यांनी हजारो मेंढ्या कातरल्या आणि पुढे हयात एस.टी.च्या कार्यशाळेत काढली.

आता कामाचे सांगतो. माझ्या पत्नीच्या, कुसुमच्या, गुडघ्याची पुण्यात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावले, “बादली उचलायची नाही. कधीच नाही.” आमच्याकडे गरम पाण्याचे सौरयंत्र गच्चीवर, न्हाणीघर तळमजल्यावर, आणि दोहोंमध्ये जोडणी म्हणून आजवर कुसुम आणि तिची बादली! ती विश्रांतीसाठी इंदापूरला भावाकडे गेली आणि जाताना एवढेच म्हणाली, “आधी नळाला गरम पाणी, मग मी.”

चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे मागितलेली ही बहुधा तिसरी वस्तू. पहिल्या दोन अजून यायच्या आहेत.

* * *

गावातल्या मिस्त्रीला बोलावले. भिंती फोडून ताठ पाइप टाकावे लागतील, आणि ते दिवाळीनंतर, असे तो म्हणाला. तेव्हा पुण्याच्या माझ्या भाच्याने पेक्स नावाच्या वाकणाऱ्या पाइपचे तांबडे वेटोळे पाठवून दिले, सोबत सांध्यांच्या सामानाची बंद पेटी. फोनवर म्हणाला, “मामा, अगदी सोपं आहे. पाइप जोडणीवर चढवायचा, वरून धातूची कडी सरकवायची आणि क्रिम्पिंग टूलने दाबायची. झाला सांधा!”

“ते टूल पेटीत आहे का?”

“नाही. ते तिकडे मिळेल.”

या हत्याराला मी ‘आवळणी’ म्हणतो, कारण ते कडी आवळते. वसंतराव ‘क्रिंपर’ म्हणतात, आबा ‘सांडस’. तीन नावांवरून आमच्यात कधी तंटा झाला नाही. तंट्याला इतर विषय मुबलक होते.

दुपारी तात्या ते वेटोळे पाहायला घरी आले. त्यांनी त्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, पाइप चिमटीत धरून वाकवला, सोडला, पुन्हा वाकवला.

“सर, ह्यो पाइप आमच्या कारखान्यात पायजे हुता.”

“कशासाठी?”

“संचालक म्हनून! वाकवंल तिकडं वाकतोय आन् वर सांगत्यात की पन्नास वर्षं टिकतोय!”

* * *

वसंतरावांनी आवळणीचे तीन प्रकार फळीवर मांडले. पहिली मोठ्या ठेकेदारांची, जबडे बदलता येणारी. तिची किंमत ऐकून आबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. दुसरी तांब्याच्या कड्यांची, हातभर लांब दांड्यांची. ती मापागणिक वेगळी घ्यावी लागते. तिसरी पोलादी कड्यांची, आखूड, एका हाताने चालणारी, सगळ्या मापांना एकच. तिच्या कड्या मात्र थोड्या महाग.

“एवढ्या कामासाठी पहिली घेणं म्हणजे उसाच्या एका कांडीसाठी गुऱ्हाळ घालणं,” वसंतराव म्हणाले. दुकानदाराने महाग माल नको म्हणावे, हा प्रकार मी प्रथमच पाहत होतो. पुढे कळले, की ती आवळणी दुकानातली नव्हतीच. कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेले होते.

आबांनी उरलेल्या दोन्ही आवळण्या हातात घेऊन डोळे मिटले. म्हणाले, “हत्यार डोळ्यानं न्हाय बघायचं. मेंढी कातरताना कातर कशी बसती हातात, तसं बघायचं. तात्या, हात आना हिकडं.”

तात्यांनी बेसावधपणे हात दिला. आबांनी लांब दांड्यांच्या आवळणीचा जबडा त्यांच्या मनगटाला अलगद लावला आणि हळूहळू मिटू लागले. तात्या स्तब्ध. बाक स्तब्ध. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवालाही थांबला.

“बगा,” आबा समाधानाने म्हणाले. “मेंढी घाबरली न्हाय. म्हंजी हत्यार चांगलं हाय.”

“आबा,” तात्या ओठ न हलवता म्हणाले, “मेंढी घाबरल्याली हाय. मेंढी गप हाय, एवढंच!”

* * *

आवळणी चौघांत मिळून घ्यायची, हे ठरायला वेळ लागला नाही. तात्यांना सूनबाईच्या नव्या न्हाणीघरात जोडणी करायची होती, आबांना गोठ्यात, वसंतरावांना दुकानाच्या माडीवर. ठरल्या ठरल्या तात्यांनी खिशातून कागद काढला.

“सामाईक वस्तू हाय. सभा बोलवावी लागंल.”

“आपण चौघेही इथेच बसलो आहोत,” मी म्हणालो.

“बसलेत, पन जमलेले न्हाईत. जमायला नोटीस लागती.”

नोटीस निघाली. तात्यांनी ती स्वतः लिहिली, स्वतः वाचली आणि दुकानाच्या शटरवर चिकटवली. दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर त्याच जागांवर बसून आम्ही जमलो. दोन पॅनेल झाली. तांब्याच्या बाजूने आबा आणि वसंतराव; पोलादाच्या बाजूने तात्या आणि मी. आबांचे म्हणणे असे की लांब दांडी म्हणजे जोर, आणि जोराशिवाय सांधा नाही. माझे म्हणणे असे की आमच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात त्या दांड्या उघडल्या तर एक खिडकीबाहेर जाईल आणि दुसरी माझ्या बरगडीत. आबा म्हणाले, “मग बरगडी बाजूला घ्यायची!”

गुप्त मतदान झाले. प्रत्येकाने शटरकडे तोंड करून चिठ्ठी लिहिली. निकाल दोन विरुद्ध दोन. फेरमोजणी झाली. चार चिठ्ठ्या तिसऱ्यांदा मोजताना तात्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होते, ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिले नव्हते.

कोंडी फुटेना, म्हणून मी कुसुमला फोन लावला आणि सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. तिने दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या. “एका हाताने दाबता येईल ती घ्या. दुसऱ्या हाताने तुम्हाला भिंत धरावी लागेल. वय बघा आपापलं.”

“हरकत!” तात्या उठून उभे राहिले. मत त्यांच्याच बाजूचे होते, तरी हरकत. “वहिनींचं नाव यादीत न्हाय.”

“अहो, हे सगळे चालले आहे तिच्यासाठीच. ती लाभार्थी आहे.”

“म्हनूनच! लाभार्थ्याला मत नसतं, सर. लाभार्थ्यानं फक्त भाषन ऐकायचं असतं!”

फोनमधून आवाज आला, “मग तात्या, तुम्ही भाषण करा. मी गरम पाणी येईपर्यंत ऐकते.”

तात्या बसले. पोलादी आवळणी एकमताने मंजूर झाली.

* * *

आवळणी विकत घेऊन घरी आलो आणि भाच्याने पाठवलेली पेटी उघडली. आत अठ्ठावीस कड्या होत्या. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस तांब्याच्या!

म्हणजे नोटीस, पॅनेल, भाषणे, फेरमोजणी हे सर्व चालू असताना प्रश्नाचे उत्तर माझ्या माजघरात चिकटपट्टी लावून पडले होते. मी ओशाळून बाकावर गेलो. “आपण ती पेटी आधी उघडायला हवी होती.”

तात्या दचकले. “मतमोजनीच्या आधी पेटी उघडायची? सर, तुमी शिकलेली मानसं!”

आवळणी बदलून घेण्याचा प्रस्ताव मी मांडला. तो फेटाळण्यात आला. सभेचा ठराव फिरवायचा तर सभा पुन्हा बोलवावी लागते, नोटीस द्यावी लागते, आणि शटरवरची पहिली नोटीस अजून निघत नव्हती. वसंतरावांनी तिला त्यांचाच सर्वोत्तम गोंद लावला होता. शेवटी हत्यार कायम राहिले आणि कड्या बदलल्या. संध्याकाळी कुसुमचा फोन आला. ती रोज एकच प्रश्न विचारत असे.

“आलं का?”

“आवळणी आली.”

“मी पाण्याचं विचारतेय.”

* * *

आता आवळणी प्रथम कुणी वापरायची? मला वाटले होते, हा प्रश्न माणुसकीने सुटेल. तात्यांनी तो पाटबंधाऱ्याच्या नियमाने सोडवला.

“सामाईक पान्याला पाळी असती, तशी सामाईक हत्यारालाबी पाळी. आन् पाळी टेलकडनं हेडकडं. शेवटच्याचा पयला हक्क.”

नियम न्याय्य आहे. कालव्याच्या तोंडाशी बसलेले आधी भिजतात आणि शेपटाकडचे कोरडे राहतात, म्हणून शेपटापासून सुरुवात करायची. अडचण एवढीच, की हे जाहीर होताच चौघेही शेपटाकडचे निघालो. आबा म्हणाले, पिंपळीत त्यांचे घर गल्लीच्या टेलला. वसंतराव म्हणाले, त्यांचे दुकान बाजाराच्या टेलला. मी म्हणालो, आवळणीची गरज पडणारा मी पहिला, पण बोलणारा शेवटचा, म्हणून टेलला. तात्या उठले. त्यांनी मोटारसायकलच्या डिकीतून कालव्याचा नकाशा काढला.

सणसर पहिले आले. पिंपळी दुसरी. मी तिसरा.

सणसरचे काम आटोपल्यावर तात्या माझ्याकडे एक छापील अर्ज घेऊन आले. पाण्याची मागणी करताना शेतकरी भरतात तोच, सात नंबरचा. “तुमची पाळी जवळ आली. मागनी नोंदवा.”

“तात्या, हा पाण्याचा अर्ज आहे.”

“मग तुमाला काय पायजे, दूध?”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी नाव लिहिले, गाव लिहिले. ‘पिकाचे नाव’ या रकान्याशी अडलो. तात्यांनी अर्ज माझ्या हातून घेतला, क्षणभर विचार केला, आणि स्वच्छ अक्षरात लिहिले: “कुसुमवहिनी.” त्यापुढे हंगामाचा रकाना होता. तिथे लिहिले: “बारमाही.”

* * *

पिंपळीच्या पाळीत आवळणी आबांच्या गोठ्यात होती. त्यांचे काम संपल्याचे कळताच मी सकाळीच तिथे पोहोचलो. त्या दिवशी खंडेनवमी होती, हे माझ्या ध्यानात नव्हते, आणि धर्मशास्त्र वाचलेल्या माणसाने हे कबूल करणे सोपे नाही.

पाटावर सारी हत्यारे मांडलेली. विळे, कोयता, मेंढ्या कातरायची जुनी कातर, पाने, हातोडी, आबांच्या नातवाच्या मोबाइलचा चार्जर, आणि मधोमध झेंडूची माळ घातलेली आमची पोलादी आवळणी. तिच्या जबड्यात एक पेढा ठेवलेला होता.

“आबा, मला ही हवी होती.”

“आज?” आबांनी कानाला हात लावला. “सर, आज हत्यार हलत न्हाय. आज त्याचा दिवस हाय. उद्या सोनं लुटलं की घिऊन जावा.”

“अहो, पण तिकडे कुसुम वाट पाहते आहे. आधीच तीन आठवडे झाले.”

“वहिनीला मी सांगतो.” आबांनी फोन लावला आणि सर्व प्रकार निवेदन केला: पूजा झाली आहे, हत्यार पाटावर आहे, हलवले तर दोष लागतो, मास्तर ऐकत नाहीत.

पलीकडून कुसुम म्हणाली, “आबा, तुमचं बरोबर आहे. राहू द्या. हत्यारं निदान पूजेच्या दुसऱ्या दिवशी कामाला तरी लागतात. आमच्याकडे एकाची पूजा चाळीस वर्षं चालू आहे!”

आबांनी फोन ठेवला, माझ्याकडे पाहिले, आणि आवळणीच्या जबड्यातला पेढा काढून माझ्या हातावर ठेवला.

* * *

अखेर काम सुरू झाले. नियम असा, की कडी पाइपच्या तोंडापासून विशिष्ट अंतरावरच बसली पाहिजे. फार कडेला नको, फार आत नको. मी प्रत्येक सांध्याशी मोजपट्टी घेऊन बसू लागलो. आबांनी पहिल्या दिवशी तीन सांधे केले. मी तिन्हींखाली भिंतीवर पेन्सिलीने गुण लिहिले.

आबा वाकून वाचू लागले. “ह्यो काय? दहापैकी सा?”

“अर्धा मिलिमीटर आत सरकली आहे.”

“आन् ह्याला साडेचार? सर, एस.टी.त मी तीस वर्षं ब्रेक जोडल्यात! एक गाडी न्हाय कुठं गेली घाटात!”

“उत्तर बरोबर आहे, आबा. मांडणीचे गुण कापले.”

आबांनी फेरतपासणीची मागणी केली. बाहेरून परीक्षक हवा म्हणाले. वसंतराव आले, त्यांनी तिन्ही सांधे पाहिले आणि आबांना अनुक्रमे आठ, नऊ आणि पास असे गुण दिले. त्या दिवसापासून आबा प्रत्येक सांधा झाला की माझ्याकडे न पाहता थेट वसंतरावांना फोटो पाठवू लागले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन. “आलं का?”

“पंधरा सांधे झाले.”

“इथे सात माणसांत एक न्हाणीघर आहे,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “माझी वहिनी चांगली आहे हो. पण मी आत गेले की बाहेर खुर्ची टाकून बसते. पडेन म्हणून.” आणि तिने फोन ठेवला. त्या दिवशी मी आणखी दोन सांधे केले. मोजपट्टी न लावता.

* * *

या आवळणीत एक गुण आहे, जो तिच्या माहितीपत्रकात ठळक छापला आहे आणि आमच्यापैकी कुणीही वाचला नव्हता. एकदा जबडा मिटू लागला, की कडी पूर्ण आवळल्याशिवाय तो उघडत नाही. मध्येच विचार बदलण्याची सोय नाही.

विसाव्या सांध्याशी तात्या स्वतः बसले. धोतर नवे कोरे होते, दसऱ्याला जावयाने दिलेले. त्यांनी पाइप चढवला, कडी सरकवली, आवळणी लावली आणि दाबायला सुरुवात केली. अर्ध्यावर आल्यावर आबा म्हणाले, “तात्या, सोगा.”

“कुनाचा?”

“तुमचाच. कडीत हाय.”

धोतराचा सोगा पाइप आणि कडी यांच्या मधोमध शिरला होता. आवळणी मागे हटेना. पुढे दाबण्यावाचून गत्यंतर नव्हते. तात्यांनी डोळे मिटून दाबले. खट्ट आवाज झाला. आवळणी सुटली, तात्या भिंतीला जोडले गेले.

“कात्री आना,” आबा म्हणाले.

“खबरदार! जावयाचं धोतर हाय! कापलं तर लेक माझी संक्रांतीला येयाची न्हाय.”

“मग कडी कापू.”

“कड्या मोजून आनल्यात. एक कमी पडली तर वहिनी इंदापुरातच राहत्यात.”

वसंतराव दुकानातून कडी घेऊन येईपर्यंत तात्या पाटावर बसून राहिले, पाठ भिंतीला, सोगा पाइपला. रिकामा वेळ होता. मी सहज म्हणालो, की आपण एवढ्या सभा घेतल्या, पण अध्यक्ष कधी निवडलाच नाही. तात्यांची मान वर आली.

“विषय चांगला हाय. घ्या.”

आबांनी स्वतःचे नाव पुढे केले. तात्यांनी तात्यांचे. वसंतराव कडी घेऊन आले तेव्हा मतदान चालू होते. दारातून वाकून त्यांनी परिस्थिती पाहिली आणि तात्यांना मत दिले. मीही दिले. आबा शेवटी कळवळून म्हणाले, “मी माघार घेतो. ह्यो गडी आता हितनं उठत न्हाय.”

आयुष्यात प्रथमच तात्या निवडून आले, आणि तेही बिनविरोध! सत्काराला उभे राहायची वेळ आली तेव्हा त्यांनी माझा पंचा मागवला, धोतरातून बाहेर पडले, पंचा गुंडाळून हार स्वीकारला आणि छोटे भाषण केले. सत्कारात अंधार पडला, म्हणून धोतर दुसऱ्या दिवशी कडी कापेपर्यंत सभागृहातच राहिले.

* * *

अठ्ठाविसावा सांधा झाला. गच्चीवरची तोटी उघडली. आम्ही चौघे न्हाणीघरात ओणवे होऊन फरशीकडे पाहत राहिलो. गळतीचा एक थेंब नाही. नळ सोडला, आधी हवा आली, मग गार पाणी, मग कोमट, मग आबांनी बोट घातले आणि झटक्यात बाहेर काढले. “चटका बसला!” ते ओरडले, आणि तात्यांनी त्यांना मिठी मारली.

मी इंदापूरला फोन केला. या वेळी तिने विचारण्याआधी मीच म्हणालो, “आलं.”

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने तिला गाडीतून आणून सोडले. काठी टेकत ती पायरी चढली, बाकावरच्या मंडळींना नमस्कार केला, घर झाडले आहे की नाही ते पाहिले, आणि टॉवेल घेऊन सरळ न्हाणीघरात गेली. दार लागले. पाणी सुरू झाल्याचा आवाज आला. आम्ही चौघे बाहेर ओसरीवर बसलो.

पाच मिनिटांनी आतून हाक आली. “अहो.”

“काय गं?”

“इथे स्टुलाच्या समोर, उजव्या हाताला, एक कडी आहे. ती फिरतेय.”

“फिरते म्हणजे?”

“बोटाने गोल फिरतेय. बांगडीसारखी. ही दाबलेलीच नाही.”

आबांनी चहा खाली ठेवून आवळणी उचलली. तात्या ताडकन उठले. “वहिनी, नळ बंद करा! सांधा सुटंल! भाजाल!”

“पाणी गळत नाहीये.”

“गळंल! आत्ता गळंल! वसंतराव, गच्चीवर पळा, तोटी बंद करा!”

“वसंतराव,” आतून शांत आवाज आला, “तोटीला हात लावलात तर बघा. दोन महिन्यांनी निवांत अंघोळ करतेय मी.”

वसंतराव जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहिले. ना वर, ना खाली. आबा दाराबाहेर आवळणी घेऊन उभे, तात्या त्यांच्या मागे, मी त्यांच्या मागे. आत पाणी वाहत होते. मधूनच कुसुम सांगे, “अजून नाही गळली.” मग पुन्हा पाणी. “अजून नाही.” पंचवीस मिनिटे असे चालले. मग दार उघडले, वाफ बाहेर आली आणि वाफेतून, केस टॉवेलात गुंडाळून, काठी टेकत ती.

आम्ही आत घुसलो. कडी खरोखर सैल होती. आबांनी फिरवली, तात्यांनी फिरवली, वसंतरावांनी चष्मा लावून फिरवली. सांधा कोरडा ठणठणीत. नळ पूर्ण सोडला, तरी कोरडा. आबांनी आवळणीचा जबडा उघडून कडीला लावला, तेवढ्यात दारातून काठी आडवी आली.

“ठेवा ती खाली.”

“वहिनी, न दाबता ऱ्हाईल कशी?”

“राहिली आहे ना? मग तिला का त्रास देता?”

त्याला आता सहा महिने झाले. कडी फिरते, सांधा गळत नाही. पाहुणे आले की कुसुम आधी त्यांना चहा देते आणि मग न्हाणीघरात नेऊन कडी फिरवायला लावते. परवा मेहुण्याने इंदापूरचा एक जुना, नावाजलेला फिटर मुद्दाम दाखवायला आणला. त्याने कडी फिरवली. नळ सोडला, बंद केला, पुन्हा फिरवली. गच्चीवर जाऊन आला. चहा घेतला आणि निघून गेला.

काल तो पुन्हा आला. सोबत दोन फिटर होते. तिघांनीही चपला न्हाणीघराच्या बाहेर काढल्या.